आधी भाषा, मग फ्रेमवर्क

सरकारी दप्तरात कोणता कागद किती वर्षे जपायचा याचे नियम ठरलेले असतात. महाराष्ट्रात 'अ' वर्गाचे अभिलेख कायमचे, 'ब' वर्गाचे तीस वर्षांचे, आणि त्याखालच्या वर्गांचे त्याहून कमी मुदतीचे. इतर राज्यांत वर्गांची नावे वेगळी असतील, पण तत्त्व तेच आहे. जमिनीचा फेरफार किंवा जन्माची नोंद यांचे आयुष्य माणसाच्या आयुष्याएवढे, किंबहुना त्याहून मोठे धरलेले असते. आता या नोंदी संगणकावर आल्या आहेत. परंतु ज्या आज्ञावलीतून त्या लिहिल्या आणि वाचल्या जातात, त्या आज्ञावलीचे आयुष्य किती धरायचे, आणि ते संपल्यावर ती उलगडून वाचणारा माणूस कुठून आणायचा, हा विचार मात्र आपल्या दप्तरपद्धतीत अजून पुरेसा मुरलेला नाही.

हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो, पण त्याची मुळे शिक्षणात आहेत. बंगळूर, हैदराबाद, नोएडा अशा शहरांत राहणाऱ्या मराठी घरांतून एक शंका नेहमी ऐकू येते. मुलाने जावास्क्रिप्ट शिकावी की थेट रिॲक्ट? पायथनचा पाया घालावा की जांगो शिकून लगेच नोकरीला लागावे? नोकरीच्या जाहिरातीत फ्रेमवर्कचे नाव असते, भाषेचे असतेच असे नाही. त्यामुळे पाया सोडून कळसाकडे धावण्याचा मोह स्वाभाविक आहे. या शंकेचे उत्तर मला गेल्या तीस वर्षांच्या इतिहासात सापडते, म्हणून थोडे त्याकडे वळू या.

प्रथम फ्रेमवर्क म्हणजे काय ते साध्या शब्दांत. महाजालावरील कोणत्याही अर्जात तीच ती कामे पुन्हा पुन्हा येतात. नागरिकाने भरलेला फॉर्म स्वीकारायचा, त्यातले रकाने वेगळे करायचे, तो कोण आहे हे ओळखायचे, नोंद डेटाबेसमध्ये घालायची आणि उत्तराचे पान तयार करून परत पाठवायचे. ही कामे प्रत्येकाने मुळापासून लिहिण्याऐवजी कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवली आणि इतरांनी त्यात फक्त आपापला तपशील भरला, तर ती आयती चौकट म्हणजे फ्रेमवर्क. महसूल खात्यातल्या गाव-नमुन्यांशी याचे बरेच साम्य आहे. नमुना तयार असल्याने काम झटपट आणि एकसारखे होते. पण नमुना भरता येणे आणि त्या नमुन्यामागचा कायदा समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच भारतीय प्रशासन सेवेतल्या नव्या अधिकाऱ्याला जिल्हा प्रशिक्षणात तलाठ्याकडे किंवा पटवाऱ्याकडे बसवून कामाची ओळख करून देतात.

महाजालापूर्वीच्या काळात हा प्रश्न उद्भवलाच नव्हता, कारण आयते असे फारसे काही हाताशी नसे. १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हा संगणक आला आणि तिथे पंचकार्डांवर फोर्ट्रान शिकवले जाऊ लागले. प्रा. व्ही. राजारामन यांच्या स्वस्त पाठ्यपुस्तकांवर देशातल्या कित्येक पिढ्या वाढल्या. १९७६ मध्ये राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, स्थापन झाले आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस निकनेटद्वारे ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. जिल्हा केंद्रात कोबोल, डीबेस, नंतर फॉक्सप्रो असे. तिथल्या माणसाला फाइल कशी उघडते, तिची अनुक्रमणिका कशी बनते, दोन फाइली कशा जोडायच्या हे माहीत असणे भाग होते. माहीत नसेल तर पगारपत्रकच निघत नसे.

या काळाचे गोडवे मात्र मर्यादेतच गावेत. नव्वदच्या दशकात नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकाने सी भाषा लाखो विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आणली, हे मोठेच काम झाले. पण त्याच सुमारास अनेक महाविद्यालयांत टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर परीक्षेपुरते पंधरा-वीस प्रोग्रॅम पाठ करण्याची रीतही रुजली. टर्बो सी १९८७ चे, आणि ते पुढे दोन-अडीच दशके आपल्या प्रयोगशाळांतून हलले नाही. पाठ केलेली सी भाषा म्हणजे पाया नव्हे. आज तरुण मंडळी पाया टाळतात यात आमच्या पिढीच्या शिकवण्याचाही वाटा आहे, असे माझे मत आहे.

१९९५ हे वर्ष या इतिहासात विलक्षण ठरले. जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी आणि रुबी या चारही भाषा त्या एकाच वर्षी जगासमोर आल्या. जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत लिहिला. पीएचपी ही रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी केलेली साधने. पुढे ती जगभर पसरली आणि भारतातली असंख्य संकेतस्थळेही तीत लिहिली गेली. या पीएचपीतल्या दोन सोयींची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण आपला विषय तीत जवळजवळ पूर्ण येतो.

पहिल्या सोयीचे नाव रजिस्टर ग्लोबल्स. फॉर्ममधून किंवा पानाच्या पत्त्यातून जे नाव येईल त्याचे आपोआप व्हेरिएबल बनत असे. नवशिक्याला हे फार सोपे वाटे. मूल्य कुठून आले हे विचारावेच लागत नसे. आता कल्पना करा की एखाद्या पानावर 'अधिकृत' नावाचे व्हेरिएबल आहे, परवलीचा शब्द बरोबर आला की त्यात 'होय' लिहिले जाते, आणि पुढे तेच तपासून गोपनीय माहिती दाखवली जाते. प्रोग्रॅमरने सुरुवातीला त्यात 'नाही' लिहून ठेवले नसेल, तर पाहुण्याने पत्त्याच्या शेवटी 'अधिकृत बरोबर होय' एवढे जोडले की काम झाले! परवलीच्या शब्दाची गरजच उरत नाही. व्हेरिएबल वापरण्यापूर्वी त्याला आरंभीचे मूल्य द्यावे हा कोणत्याही भाषेच्या पहिल्या आठवड्यातला धडा, पण सोयीने तो झाकला होता. २००२ मध्ये पीएचपीच्या ४.२ आवृत्तीत ही सोय मुळात बंद ठेवली गेली आणि २०१२ मध्ये ५.४ आवृत्तीत ती काढूनच टाकली. ज्यांनी सोय म्हणजेच भाषा असे मानले होते, त्यांचे चालते अर्ज सर्व्हर बदलताच बंद पडू लागले आणि कारणही समजेना.

दुसरी सोय मॅजिक कोट्स. वसईतील किंवा गोव्यातील डिसूझा हे आडनाव घ्या. इंग्रजीत ते लिहिताना डी या अक्षरानंतर अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह येते. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत मजकूर जिथे सुरू होतो आणि संपतो तिथेही तेच चिन्ह असते. प्रोग्रॅमरने नाव जसेच्या तसे आज्ञेत चिकटवले, तर डेटाबेसला वाटते की नाव 'डी' एवढेच आहे, आणि उरलेला 'सूझा' हा आज्ञेचा भाग आहे. आज्ञा चुकते आणि डिसूझांची नोंद होत नाही. इथे एखादा दुष्ट माणूस 'सूझा'च्या जागी खरीच एखादी आज्ञा लिहू शकतो. १९९८ मध्ये या युक्तीची जाहीर चर्चा झाली आणि पुढे एसक्यूएल इंजेक्शन या नावाने ती कुप्रसिद्ध झाली. यावर पीएचपीचा उपाय असा की, येणाऱ्या प्रत्येक अपॉस्ट्रॉफीपूर्वी आपोआप एक उलटी तिरकी रेघ घालायची. पण काही प्रोग्रॅमर स्वतःही ती रेघ घालत. दोन्ही झाले की ती रेघ नावासह नोंदीत जाऊन बसे, आणि नोंद प्रत्येक वेळी दुरुस्त करताना अशा रेघा वाढत जात. ही सोयही २०१२ मध्ये गेली. खरा उपाय वेगळाच होता. आज्ञा आणि माहिती या दोन गोष्टी डेटाबेसकडे वेगवेगळ्या पाठवायच्या, म्हणजे नावात कोणतेही चिन्ह आले तरी ते नावच राहते. हा उपाय समजायला एसक्यूएल वाचता यावे लागते, एवढेच.

डिसूझांबरोबर क्षीरसागरांचीही कथा सांगायला हवी, कारण ती सर्व भारतीय भाषांची आहे. संगणकात भारतीय लिप्यांसाठी पूर्वी इस्की हे मानक होते. १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक वर्णाला एक बाइट लागे. त्यामुळे 'बाइट म्हणजेच अक्षर' असे समजून लिहिलेला प्रोग्रॅमही बहुधा चालून जाई. २००९ मध्ये भारत सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले, आणि महाजालावर युनिकोड ज्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवतात त्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात. 'मराठी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबात काने-वेलांट्या धरून तो पाच वर्णांचा आणि यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइटांचा होतो. पीएचपीचे लांबी मोजणारे मूळ फंक्शन पंधरा सांगते, जावास्क्रिप्टचे लांबी मोजणारे मूळ साधन पाच सांगते, तीन या दोहोंपैकी कोणीच सांगत नाही. आता नावाचा रकाना वीस बाइटांवर कापणारा प्रोग्रॅम असेल, तर 'क्षीरसागर' हे सत्तावीस बाइटांचे नाव कापले जाऊन 'क्षीरस' आणि पुढे प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन एवढेच उरते. नाव अर्धवट नोंदले गेले की दुसऱ्या कागदाशी ते जुळत नाही, आणि मग सही, शपथपत्र, हेलपाटे यांचे चक्र सुरू होते. कन्नड, तमिळ, बंगाली नावांचेही असेच होते. यातले काही फ्रेमवर्कच्या पुस्तिकेत शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही. वर्ण, बाइट, लांबी हे भाषेच्या पायाचे विषय आहेत.

आता खुद्द फ्रेमवर्कांकडे. जावासाठी स्ट्रट्स २००० मध्ये आले. रुबीसाठी रेल्स २००४ मध्ये आणि पायथनसाठी जांगो २००५ मध्ये खुले झाले. या जन्मकथा पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. रेल्सचे कर्ते डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी आधी बेसकॅम्प हे प्रत्यक्ष वापरातले सॉफ्टवेअर लिहिले आणि त्यातून रेल्स वेगळे काढले. जांगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी, एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मले. बातम्यांची पाने रोज घाईने करावी लागत, त्या घाईतून एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी ते घडवले. म्हणजे कर्त्यांनी आधी भाषा शिकली, मग काम केले, मग कामातले पुनरावृत्त भाग बाजूला काढले. आपण शिकताना हा क्रम नेमका उलटा करतो.

उलट्या क्रमाचे छोटे उदाहरण द्यायचे तर, रेल्समध्ये 'दोन दिवसांपूर्वी' असे थेट आकड्यालाच विचारता येते आणि उत्तरादाखल तारीख मिळते. रेल्समधून रुबी शिकलेल्याला ही रुबीचीच शक्ती वाटते. साध्या रुबीत हीच ओळ लिहिली की चूक दाखवली जाते, कारण रेल्सने रुबीच्या आकड्यांना ती शक्ती वरून जोडलेली असते. भाषेत वर्ग उघडा असतो, त्यात बाहेरून भर घालता येते, हे मूलतत्त्व माहीत असणाऱ्याला यात आश्चर्य नाही.

मार्च २०१२ मध्ये हीच गोष्ट गंभीर झाली. फॉर्ममधून आलेले सर्व रकाने एका झटक्यात नोंदीत भरण्याची सोय रेल्समध्ये होती. येगोर होमाकोव या तरुणाने गिटहबवर, जिथे जगातले प्रोग्रॅमर आपले काम ठेवतात, फॉर्मसोबत एक जादा रकाना पाठवला आणि खुद्द रेल्सच्या भांडारात लिहिण्याचा अधिकार मिळवून दाखवला. आपल्या भाषेत सांगायचे तर अर्जदाराने अर्जावर 'मंजूर' हा शेरा स्वतःच लिहून आणला आणि आवक कारकुनाने तो तसाच नोंदवहीत उतरवला. गिटहबचे लोक अडाणी नव्हते. सोय इतकी सवयीची झाली होती की आत काय घडते ते पाहण्याचे कोणाला कारण उरले नव्हते. २०१३ च्या चौथ्या आवृत्तीपासून कोणते रकाने स्वीकारायचे ते प्रोग्रॅमरने स्पष्ट लिहावे असा दंडक रेल्सने घातला.

याहून मोठा फटका अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमापन कंपनीला बसला. स्ट्रट्सच्या नव्या पिढीतला एक दोष ७ मार्च २०१७ रोजी जाहीर झाला आणि त्याच दिवशी दुरुस्तीही उपलब्ध झाली. दोष असा की, येणाऱ्या विनंतीच्या शीर्षकातला मजकूर स्ट्रट्स काही परिस्थितीत आज्ञा म्हणून चालवीत असे. पुन्हा तीच डिसूझांची कथा! माहिती आणि आज्ञा यांतली भिंत पडली होती. कंपनीत सूचना फिरली, पण स्ट्रट्स नेमके कुठे वापरले आहे हे शोधणाऱ्या तपासणीत संबंधित यंत्रणा सापडलीच नाही. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत चोर आत होते, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

फ्रेमवर्क वापरूच नये असा निष्कर्ष कोणी यातून काढू नये. आजची चांगली फ्रेमवर्के डिसूझांचे नाव नीट हाताळतात, परक्या पानावरून आलेला फसवा फॉर्म नाकारतात. दहा हजार ओळींचे काम हजारांत होते. प्रत्येक विभागाने स्वतःची चौकट मुळापासून लिहायची म्हटले तर त्याच चुका नव्याने होतील. पण चौकटीचे आयुष्य पाहावे. मूळ स्ट्रट्सचा आधार २०१३ मध्ये संपला. गूगलचे अँग्युलरजेएस २०१० मध्ये आले. २०१६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती इतकी वेगळी निघाली की जुने अर्ज जवळजवळ पुन्हा लिहावे लागले, आणि २०२१ च्या अखेरीस जुन्याचा आधारही थांबला. २००६ मध्ये राष्ट्रीय ई-प्रशासन योजना मंजूर झाल्यावर देशभर जे अर्ज लिहिले गेले, ते या लाटांतूनच गेले. आयुष्याच्या तुलनेसाठी रेल्वेचे आरक्षण पाहा. १९८५-८६ मध्ये दिल्लीत सीएमसी कंपनीने सुरू करून दिलेली आणि पुढे 'क्रिस' या रेल्वेच्याच संस्थेने देशभर जोडलेली ती व्यवस्था वेबच्याही आधीची होती. तिला टिकवणारी माणसे आतून ती जाणणारी होती.

शासकीय निविदांत मात्र 'अमुक फ्रेमवर्कचा इतक्या वर्षांचा अनुभव' ही अट सर्रास दिसते. ही अट लिहायला सोपी आणि तपासायलाही सोपी आहे. पण तिने निवडलेला माणूस ते फ्रेमवर्क चालू असेपर्यंतच उपयोगी. अर्थात भाषा जुनी असणे हेही पुरेसे नाही. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या राज्यपालांना कोबोल जाणणाऱ्यांसाठी जाहीर आवाहन करावे लागले, कारण बेरोजगार भत्त्याची यंत्रणा त्या भाषेत होती आणि ती वाचणारे निवृत्त झाले होते.

२०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल त्या फ्रेमवर्कमध्ये आज्ञावली लिहून देऊ लागली आहेत. पाया शिकण्याची गरज त्यामुळे संपली असे काहींना वाटते. मला उलट वाटते. लिहिण्याचे श्रम वाचले, पण लिहिलेले तपासून त्याखाली सही करण्याचे काम माणसाकडेच राहिले. कनिष्ठाने केलेली टिप्पणी न वाचता सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे काय होते हे प्रशासनात सांगावे लागत नाही.

निवड समितीवर बसणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी एक सूचना करतो. उमेदवाराला कोणतेही फ्रेमवर्क न देता अर्ध्या तासाचे काम द्यावे. शंभर नावांची एक साधी मजकूर-फाइल, काही नावे रोमनमध्ये, काही देवनागरीत. ती वाचायची, दुहेरी नोंदी काढायच्या, वर्णक्रमाने लावायची, साध्या एसक्यूएलने डेटाबेसमध्ये भरायची आणि जी नावे गेली नाहीत ती का गेली नाहीत ते समितीला तोंडी सांगायचे. त्या शंभरात डिसूझा आणि क्षीरसागर असावेत.